डावीकडचा नळ

१

दानेश्वरीचा धंदा सुरू व्हायच्या आधीच चोरीला गेला. तोही भर दुपारी, माइकवरून, टाळ्यांच्या गजरात.

आमच्या भागातल्या एका पतसंस्थेनं नव्या इमारतीतला एक गाळा राखून ठेवला होता. पहिल्यांदाच धंदा टाकणाऱ्याला तो वर्षभर बिनभाड्यानं मिळणार होता. अट एवढीच, की धंद्याचा आराखडा लेखी द्यायचा आणि समितीपुढं उभं राहून तोंडी सांगायचा. बसवेशचा नंबर दानेश्वरीच्या आधी लागला. धान्याचे व्यापारी चनबसप्पा यांचा हा धाकटा मुलगा. शर्टाला कडक इस्त्री, बोलायला गोड, आणि वडिलांच्या गादीवर बसून कंटाळलेला.

"सोलापुरात किती माणसं एकटी राहतात?" त्यानं माइकमध्ये विचारलं. "एकट्यासाठी कोण पीठ मळतं? कोण तवा तापवतं? मी त्यांना कडक भाकरी देणार. एका माणसापुरती पुडी, दोन पातळ भाकऱ्या आणि शेंगा चटणी. आठवडाभराची एकदम."

शेजारी बसलेल्या दानेश्वरीनं माझं मनगट घट्ट धरलं.

"आणि पुडी दाराच्या कडीला अडकवून आमचा माणूस पळणार नाही. दार उघडेपर्यंत थांबेल, पुडी हातात देईल आणि दोन शब्द बोलेल."

टाळ्या पडल्या. तिची नखं माझ्या मनगटात रुतली. मग त्यानं भिंतीवर भाकऱ्या करायच्या ओट्याचा नकाशा लावला. चार बायका ओळीनं, प्रत्येकीसमोर तवा, प्रत्येकीच्या डाव्या हाताला नळ. दानेश्वरीनं आणलेल्या गुंडाळीतही असाच ओटा होता. नळ तेवढे उजवीकडं.

पुढचा नंबर तिचा. ती उभी राहिली, तोंड उघडलं आणि तेच सगळं सांगू लागली. दुसरं होतंच काय तिच्याजवळ? मागून कोणीतरी खुसखुसलं. समितीचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, हे आम्ही आत्ताच ऐकलं."

"त्यो आराखडा माझा हाय, साहेब. मीच लिवलाय."

"बसवेशची फाइल तुमच्या आधी जमा झालीय." त्यांनी आवकचा शिक्का दाखवला. "शनिवारी पुन्हा बसू. आराखडा तुमचा आहे हे तोवर दाखवा. नाही दाखवता आलं, तर गाळा त्याचा. आणि उचलेगिरीचा शेरा तुमच्या अर्जावर मारावा लागेल." मग माझ्याकडं वळून ते गोड हसले. "काय विजयमालाबाई, तुमच्याकडं बरेच जण आराखडे लिहून घ्यायला येतात म्हणे?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. जिन्यात दानेश्वरीनं मला गाठलं. डोळे कोरडे होते. ते जास्त वाईट.

"अक्का, तुमी कुणाला सांगितलं?"

२

मी तिच्या जागी असते तर पहिला संशय माझ्यावरच घेतला असता. मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले. भवानी पेठेत एकटी राहते. धंदा टाकू पाहणारे लोक माझ्या ओसरीवर येतात आणि आपलं स्वप्न माझ्यापुढं मांडतात. मी त्याचे रकाने करते. लोकांची स्वप्नं कपाटात ठेवणाऱ्या बाईला चोरी करायला लांब जावं लागत नाही.

दानेश्वरी मूळची दुधनीची. नवऱ्यापासून वेगळी झाली आणि एका खानावळीत भाकऱ्या थापायला लागली. आराखडा लिहायला आली तेव्हा तिला 'जोखीम' म्हणजे काय ते सांगावं लागलं. 'स्पर्धक' या रकान्यात तिनं लिहिलं, 'कुणी न्हाय.' 'आपल्या कमकुवत बाजू' खाली लिहिलं, 'मला रडू लवकर येतं.' मी म्हटलं, हे समितीला कशाला? म्हणाली, "खरं ते लिवायचं म्हनला की तुमी."

गिऱ्हाईक कोण, हे मात्र तिनं माझ्याआधी ओळखलं होतं. सुट्टीच्या दिवशी दारोदार फिरून तिनं एकट्या माणसांची यादी केली. नर्सिंगच्या पोरी, कारखान्यातले परगावचे कामगार, बायको गेलेले पेन्शनर. यादीत खाली माझं नाव दिसलं तेव्हा मी चष्मा पुसला.

"मला का गं धरलंस?"

"तुमी एक भाकरी सकाळी करून दोन वेळा खाता की. बघितलंय मी."

गाळा मिळणार या भरवशावर तिनं खानावळ सोडली होती. जुन्या जागी दुसरी बाई लागलीसुद्धा होती. गाळा गेला तर तिला परत जायला जागा नव्हती, आणि उचलेगिरीचा शेरा बसला तर पुढं कोणी दारात उभं केलं नसतं. असा हिशेब मांडून मी चपला घातल्या.

कागद माझ्या कपाटातून दोनच ठिकाणी गेला होता. एक, धनाजीचं टायपिंगचं दुकान.

"मॅडम, माझ्याकडं दिवसभर लोकांची गुपितं टाइप होत असतात," धनाजी मशीनवरून डोळे न उचलता म्हणाला. "सोडचिठ्ठ्या, वाटण्या, तक्रारी. वाचत बसलो तर वेड लागेल की. बोटं चालतात, डोकं बंद ठेवतो."

"म्हणूनच 'भाकरी'चं दोनदा 'बाकरी' केलंस."

"बघा. डोकं चालू असतं तर केलं असतं का?"

दुसरं ठिकाण पतसंस्थेचा कारकून अभिमन्यू. फाइल त्याच्या टेबलावर पडून होती आणि तो बसवेशचा शाळेपासूनचा मित्र. मी काही विचारायच्या आतच तो घामाघूम झाला.

"मॅडम, शप्पथ, त्याची फाइल आधी आली हो. हिची आली तेव्हा त्याची कपाटात होती. नंतर आलेल्या फाइलवरून आधीची कशी लिहिणार?"

घाबरट माणसाला शोभणार नाही इतकं सरळ उत्तर होतं. घरी येऊन मी दानेश्वरीला बोलावलं आणि पक्की प्रत तिच्यापुढं टाकली.

"बसवेश म्हणाला, पुडी कडीला अडकवायची नाही, हातात द्यायची. हे यात कुठं आहे?"

तिनं पानं उलटली. पुढून, मग मागून.

"न्हाय की! ते मला नंतर सुचलं. लिवलंच न्हाय. म्हनलं, तोंडी सांगीन."

"मग त्यानं वाचलं कुठून?"

धनाजी सुटला, अभिमन्यू सुटला, आणि कपाटाची किल्ली बाळगणारी मीही सुटले. हा आराखडा कोणी वाचलाच नव्हता. कोणीतरी तो ऐकला होता.

"दानेश्वरी, तू हे कुणाला बोलून दाखवलंस?"

"कुणाला न्हाय अक्का. मला हाय कोन?" ती म्हणाली. "भितीला सांगत हुते."

३

मग मी भिंत बघायला गेले.

दानेश्वरीची खोली घरमालकीण शांतम्मांच्या घरात, मागच्या अंगाला. एक खाट, एक शेगडी, आणि आरसा नसल्यामुळं बोलायला समोर भिंत. समितीपुढं अडखळू नये म्हणून ती रोज संध्याकाळी त्या भिंतीपुढं उभी राहून सगळं म्हणायची. वर हात पुरेल एवढ्या उंचीवर एक झरोका होता. त्यातून फोडणीचा वास येत होता.

"पलीकडं काय आहे?"

"अव्वांचं सैपाकघर. पर त्या ठार बहिऱ्या हायत. कानाशी जाऊन वरडावं लागतं."

शांतम्मा सत्तरीच्या. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. मुलगी पुण्यात, नवरा कधीच गेलेला. आम्ही दारातून हाका मारल्या तरी पाठ वळली नाही. दानेश्वरीनं जवळ जाऊन खांद्याला हात लावला आणि कानात ओरडली, "अव्वा, अक्का आल्यात!"

"बा यव्वा, बा," ये ये म्हणत म्हातारी उजळली. "बस की. च्या टाकते." आणि पुन्हा पाठ करून शेगडीकडं वळली.

मी दानेश्वरीला हळूच म्हटलं, "माझा बिनसाखरेचा सांग गं, शुगर वाढलीय." तेवढ्यात तिला फोन आला आणि ती बाहेर गेली. मी भिंतीवरचे फोटो बघत बसले. शिवलिंगाला हार, नवऱ्याला हार, आणि या दोघांपेक्षा मोठ्या चौकटीत एक तरुण मुलगी, समोर वाढदिवसाचा केक, डाव्या हातात सुरी.

चहा आला. मी जवळ सरकून ओरडले, "मुलगी का?"

"दिपाली! पुन्यात असती. लई मोठ्या पदावर हाय."

"फोन येतो का?"

"रोज! रोज संध्याकाळी. अव्वा जेवलीस का, अव्वा गोळी घेतलीस का, सारकं आपलं चालू." ती हसली. "तिनं धा वाक्यं बोलल्याबिगर मला घास उतरत न्हाय."

मी चहा पिऊन उठले. निघताना म्हातारीनं माझा हात धरून ठेवला. "बस की अजून. इतक्यात कुटं निगालीस?" कानाशी तोंड नेऊन मी कामाचं निमित्त सांगितलं. तिचा तळवा गरम होता आणि तो सोडवायला जरा वेळ लागला.

रस्त्यावर दानेश्वरी म्हणाली, "बघितलं की न्हाय? भितीपलीकडं भितच हाय."

मीही मान हलवली. चौकात पोचेपर्यंत माझी तीच समजूत होती. मग जिभेवर चहाची चव राहिलेली जाणवली आणि मी भर रस्त्यात थांबले.

"दानेश्वरी, चहा बिनसाखरेचा कर म्हणून तू शांतम्मांना सांगितलंस?"

"अय्यो, इसरले! फोन आला न्हवं का."

पण माझा चहा बिनसाखरेचाच होता.

४

बहिरी बाई रोज फोनवर मुलीशी गप्पा मारते, यातलं काहीतरी एक खोटं असायला हवं. घरापर्यंत मी ते तोलत गेले. पण म्हातारीला ऐकू येतं हे कळलं म्हणजे कोडं सुटलं, असं नव्हे. तिनं आराखडा ऐकला असेल. तो बसवेशला का द्यावा? दानेश्वरी तिला रोज गरम भाकरी नेऊन देते, दवाखान्यात घेऊन जाते. वैर नाही, आणि लोभ म्हणावा तर म्हातारीच्या हाती काही लागल्याचं दिसत नव्हतं.

म्हणून मी बसवेशकडं गेले. चनबसप्पांच्या दुकानात ज्वारीची पोती छताला भिडलेली. बसवेश गादीवर होता. त्यानं स्वतः उठून स्टूल पुसलं. चोर इतके आदबशीर असले की मला आधी त्यांच्याबद्दल वाईट वाटतं.

"मॅडम, मी काही चोरलेलं नाही."

"मग सुचलं कसं?"

"सुचलं असं नाही म्हणत. ऐकलं. पण ज्याची कल्पना, त्याचं काही नुकसान नाही. ते माणूस इथलं नाहीच." त्यानं पोत्यावरची धूळ झटकली. "त्यांचा धंदा तिकडं, माझा इथं. त्या बाईनं तेच कुठून ऐकलं हे तिलाच विचारा की."

"ते माणूस कोण?"

"नाव नाही सांगणार. ज्यांनी सांगितलं त्यांना वाईट वाटेल. घरचं कौतुक मोकळेपणानं बोलले. मी त्याचा धंदा केला हे कळलं तर दुकानात येणं बंद करतील." चेहऱ्यावर खरीच लाज होती. "खरं सांगू? इथं दिवसभर माणसं येतात, भाव विचारतात, जातात. कोणी बसून बोलत नाही. ते एक गिऱ्हाईक बोलतं."

मी विषय बदलला. "तुमच्या नकाशात नळ डावीकडं का?"

"तो तसाच असतो ना? भाकरी करताना पाणी डावीकडंच लागतं."

"कोणी सांगितलं?"

"त्यांनीच," तो म्हणाला, आणि पुन्हा पोत्यावरची धूळ झटकू लागला.

दारातून वडिलांनी हाक मारली. बसवेश उठला. जाता जाता मी विचारलं, "तुम्ही कधी भाकरी थापलीय?"

"मी?" तो मनापासून हसला. "आमच्याकडं पुरुष चुलीपाशी जात नाहीत हो."

५

शुक्रवारी सकाळी मी पीठ मळलं. एकटीपुरती भाकरी म्हणजे परातीचा कोपरासुद्धा भरत नाही. थापली, तव्यावर टाकली, आणि वरच्या अंगाला पाणी फिरवायला हात तांब्यात घातला. हात उजवा, तांब्या उजवीकडं. इतकी वर्षं मी हेच केलं, पण तांब्या कुठं असतो हे कधी बघितलंच नव्हतं.

मी मुद्दाम तांब्या डावीकडं ठेवला. उजवा हात तव्यावरून आडवा न्यावा लागला. मनगटाला वाफ लागली, पाणी तव्यात सांडलं, भाकरी करपली.

डावीकडं पाणी ठेवणारी बाई एकच असू शकते. डावखुरी.

दानेश्वरी उजव्या हातानं थापते, शांतम्मांनीही माझ्यापुढं चहा उजव्यानंच गाळला. बसवेश तर तव्याला कधी शिवला नाही. त्यामुळं एका मुलीच्या सोयीसाठी हलवलेला नळ त्याला कारागिरीचा नियम वाटला आणि तो त्यानं चार बायकांना लावला. मुलगी कोणती, ते मला भिंतीवर दिसलेलं होतं. केकवरची सुरी तिच्या डाव्या हातात होती.

करपलेली भाकरी तशीच ठेवून मी शांतम्मांकडं गेले. दानेश्वरी बाजारात होती. म्हातारी दाराकडं पाठ करून ज्वारी निवडत होती. मी उंबऱ्यातच थांबले आणि अगदी हळू, स्वतःशी बोलावं तशी बोलले.

"शांतम्मा, दिपालीचा शेवटचा फोन कधी आला होता?"

सुपातला हात थांबला.

तिनं चिमटीतला खडा बाजूला टाकला. मग सूप खाली ठेवलं. "बस," म्हणाली. मी बसले.

"मागच्या उगादीला, पाडव्याला," ती म्हणाली. "त्या मोबाइलात आता रिचार्ज पन न्हाय. कुनासाटी टाकू?" मोबाइल पापडाच्या डब्यावर होता, झाकण उडू नये म्हणून ठेवलेला. बहिरेपण आणि रोजचा फोन, यातलं एक खोटं असणार असं मी धरलं होतं. दोन्ही खोटी निघाली.

"दुकानात जाते मी ज्वारी आनायला," ती सांगू लागली. "तितं बायका असत्यात. एकीच्या लेकीनं घर घेतलं, एकीची लेक परदेशी गेली. मला इचारत्यात, तुमची दिपाली काय करती? मी काय सांगू, यव्वा? मला तरी कुटं ठाव हाय? हिकडं ही पोरगी रोज भितीपलीकडनं बोलायची. कसा धंदा करनार, एकट्या मानसाला कसं विचारनार, जेवलास का म्हनून. इतकं ग्वाड बोलायची की मला वाटायचं, माजीच बोलती. मग मी दुकानात सांगितलं. आमची दिपाली पुन्यात असा धंदा टाकतीय."

"आणि नळ डावीकडं घेतलात."

"माजी पोर डावरी हाय," ती ताठ होऊन म्हणाली. "तिला उजवीकडचं पानी कसं चालंल?"

मी तिला सगळं सांगितलं. बसवेश, गाळा, शेरा, सुटलेली खानावळ. तिनं तोंडावर पदर घेतला.

"उद्या समितीपुढं एवढंच सांगायचं," मी म्हटलं.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. बसवेशचे वडीलही असतील. दुकानातल्या बायकांपर्यंत संध्याकाळी पोचेल."

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मी हाक मारली, दोनदा, तीनदा. पण पुन्हा ती ठार बहिरी झाली होती.

६

संध्याकाळी दानेश्वरीला सांगावंच लागलं. ती रडली नाही. आपली कमकुवत बाजू तिनं त्या दिवशी खोटी ठरवली.

"मी अव्वा म्हनत हुते त्यांना, आई म्हनून," ती म्हणाली. "गरम भाकरी आदी त्यांना, मग मला. आन् त्यांनी माजं बोलनं घिऊन पोरीला दिलं? जी पोरगी ढुंकून बगत न्हाय तिला?"

"तुला जाऊन बोलावं लागेल त्यांच्याशी."

"न्हाय. येतील तर येतील. पाया न्हाय पडनार मी."

मी बसवेशला निरोप पाठवला. उत्तर आलं: शांतम्मा आजी स्वतः म्हणाल्या तर मी मागं घेतो, दुसरं कोणी म्हणून चालणार नाही. त्याचंही चूक नव्हतं. माझ्याकडं होतं काय? एक बिनसाखरेचा चहा, एक फोटो आणि एक करपलेली भाकरी. बापूसाहेबांसारखा माणूस त्यावर शिक्का उठवत नाही.

शनिवारी सभागृह भरलं. माणसं धंद्याला येत नाहीत एवढी भांडणाला येतात. चनबसप्पा पुढच्या रांगेत, अभिमन्यू फायली घेऊन, धनाजी दुकान बंद करून. दानेश्वरी माझ्या शेजारी, हात मांडीवर, मुठी मिटलेल्या. बापूसाहेबांनी घड्याळ बघितलं, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा बघितलं.

"काही पुरावा?"

मी नळाचं सांगितलं. लोकांनी ऐकलं, काही हसले, दोन बायकांनी माना डोलावल्या. बापूसाहेब म्हणाले, "गमतीदार आहे. पण नळ इकडं की तिकडं, यावर आम्ही गाळा कसा ठरवायचा?" त्यांनी पेन उघडलं. दानेश्वरीचा अर्ज पुढं ओढला.

तेवढ्यात दार वाजलं. शांतम्मा. जिना चढून धाप लागलेली, हातात कापडी पिशवी, नेसणीचं लुगडं सणाचं.

अभिमन्यू त्यांच्या कानाशी वाकला. बापूसाहेब खुर्चीतून उठून ओरडले, "आजीबाई! तुम्हाला! काय! सांगायचंय?"

"वरडू नका," शांतम्मा म्हणाल्या. "मला ऐकू येतं."

आमच्या ओळीत कोणीतरी दचकून खुर्ची सरकवली. दानेश्वरीनं मान वर केली.

"सगळं ऐकू येतं मला. आदीपासनं. बहिरी म्हनलं की मानूस जवळ येतं, खांद्याला हात लावतं, कानाशी बोलतं. न्हाय तर लांबनंच बोलून निगून जातं." धाप खाली बसेपर्यंत त्या थांबल्या. "ह्यो धंदा हिचा हाय. मी भितीतनं ऐकला. बसवेशला मी सांगितला, माज्या लेकीचा म्हनून. त्येची चूक न्हाय. माजी लेक कसला धंदा करत न्हाय. काय करती ते मला म्हाईत न्हाय. ती फोन करत न्हाय."

चनबसप्पा पायाशी बघत होते. बसवेश उठला, नकाशाची गुंडाळी काखेत घेतली.

"मी मागं घेतो," तो म्हणाला. आणि शांतम्मांकडं बघून, "आजी, ज्वारीला येत जा."

त्यांनी ते ऐकलं की नाही, आता विचारायची सोय नव्हती. ऐकलंच असणार.

बापूसाहेबांनी पेन दुसऱ्या रकान्यात नेलं. गाळा दानेश्वरीला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, धनाजीनं जरा जास्तच. दानेश्वरीनं सही केली. सही रकान्याबाहेर गेली. मी मागं वळून बघितलं तेव्हा शांतम्मांची खुर्ची रिकामी होती.

खाली उतरलो. म्हातारी रस्त्याच्या कडेनं पुढं चालली होती, पिशवी या हातातून त्या हातात घेत. दानेश्वरी भराभर निघाली आणि तिच्या जवळ जाता जाता एकदम हळू झाली. पुढं जाईना, गाठेनाही. म्हातारी थांबली की ही एखाद्या दुकानाच्या पाटीकडं बघायची. ती चालली की ही चालायची. मी त्यांच्या मागं, काही विकत घ्यायचं नसलेल्या बाईसारखी.

कोपऱ्यावर शांतम्मा वळल्या.

"मागनं काय येतीस पोलिसावानी? फुडं हो की."

"रस्ता सरकारचा हाय," दानेश्वरी म्हणाली. "मी कुटनं बी जाईन."

"जा मग. मी अडवलंय का?"

"अडवून बगा."

म्हातारीनं पिशवी जमिनीवर टेकवली. दम खाल्ला. "खोली सोडनार असशील तर आदी सांग. पाटी लावावी लागंल."

"सोडीन न्हाय तर न्हाय सोडनार. अजून ठरवलं न्हाय." दानेश्वरी जवळ गेली आणि पिशवी उचलली. वजनानं खांदा खाली गेला. "काय भरलंय यात, धोंडे?"

"ज्वारी. येता येता घेतली. दुकान रिकामंच हुतं, नोकर तेवढा बसलेला, समदी हितं आली न्हवं."

"आन् जिना चढून वर आनली? डोकं फिरलंय तुमचं."

"कुटं ठेवनार? कोन हाय माजं, धरून बसायला?"

दानेश्वरीनं पिशवी दुसऱ्या खांद्याला लावली. ती पुढं निघाली, म्हातारी मागून. बोळाच्या तोंडाशी दानेश्वरी थांबली, मागचं माणूस येईपर्यंत, आणि मग दोघी आत वळल्या.

माझं घर उलट्या बाजूला. मंडईत शिरून मी वांगी घेतली, एकटीपुरती, आणि भाजीवालीशी उगाचच भाव करत उभी राहिले. भाव काही उतरला नाही. बोलणं मात्र बरंच झालं.